मदत हवी आहे : अंदमानात वायू सापडला म्हणून ऑइल इंडिया घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

आम्ही पनवेलच्या एका शाळेतल्या पाच शिक्षिका. चार वर्षांपासून दर महिन्याला प्रत्येकी दोन हजार बाजूला काढतो. डीमॅट खाती वेगवेगळी, अभ्यास मात्र एकत्र. आत्तापर्यंत बँका आणि औषध कंपन्यांच्या पलीकडे गेलो नव्हतो. आता ऑइल इंडिया या सरकारी तेल कंपनीवरून गटात दोन तट पडलेत.

कारण 2025 च्या सप्टेंबरातली बातमी. अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून 17 किलोमीटरवर, 295 मीटर पाण्यात ऑइल इंडियाने खोदलेल्या श्री विजयपुरम-2 या विहिरीत वायू आढळला. 2,212 ते 2,250 मीटर खोलीवरच्या चाचणीत अधूनमधून ज्योत पेटली. नमुने जहाजाने काकीनाड्याला नेऊन तपासले, तर 87 टक्के मिथेन निघाला. पेट्रोलियममंत्री हरदीपसिंग पुरी त्याआधीपासूनच अंदमानची तुलना दक्षिण अमेरिकेतल्या गयानाशी करत होते. तिथे 2015 मध्ये समुद्रात तेलाची पहिली मोठी विहीर लागली आणि पुढे साठा 11 अब्ज पिंपांवर गेला. गटातल्या दोघी म्हणतात, आत्ताच घेऊ, नंतर भाव हाती लागणार नाही.

मला धीर होत नाही. 2008 च्या जानेवारीत मी एका छोट्या तेलशोध कंपनीचे शेअर घेतले होते. पेपरात रिगचा फोटो आला होता, ते कात्रण अजून माझ्या जुन्या पासबुकात आहे. विहीर कोरडी निघाली आणि चाळीस हजारांचे सहा हजार राहिले. लग्नाआधी शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते ते. घरी सांगायला मला दोन वर्षं लागली.

म्हणून विचारते. "वायू आढळला" आणि "साठा सापडला" यात नेमकं किती अंतर असतं? सरकारने वायूच्या भावाला घातलेली मर्यादा इथे लागू होईल का? आणि अंदमान बाजूला ठेवलं, तर ही कंपनी मुळात घेण्यासारखी आहे का?

खारफुटी :
ताई, मी अठ्ठावीस वर्षं समुद्रातल्या रिगवर काढली, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. ज्योत पेटली म्हणजे खडकात वायू आहे एवढंच कळलं. किती आहे आणि किती जोराने येईल, हे नाही. "अधूनमधून" हा शब्द नीट वाचा. टेस्टिंगच्या रात्री आम्ही सगळे फ्लेअर बूमकडे, म्हणजे वायू जाळतात त्या लांब दांड्याकडे, डोळे लावून बसायचो. ज्योत फुरफुरून विझली आणि परत धरली, की आमचे जिऑलॉजिस्ट बोलायचे बंद व्हायचे. तासन्‌तास सलग जळत राहिली आणि दाबही टिकला, तरच चहा मागवायचे.

यापुढे आजूबाजूला आणखी विहिरी, मग साठ्याचा अंदाज, मग विकासाचा आराखडा. वायू विकायचा कुठे हाही प्रश्न आहेच, कारण मुख्य भूमी हजार किलोमीटरहून दूर. मुंबई हाय 1974 मध्ये लागलं आणि 1976 मध्ये तेल सुरू झालं, पण ते उथळ पाणी होतं. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्रातल्या डी-6 या वायूक्षेत्राचा शोध 2002 चा, वायू सुरू झाला 2009 च्या एप्रिलमध्ये. लक्ष्य रोज 8 कोटी घनमीटरचं. 2010 मध्ये सहा कोटींपर्यंत गेलं आणि पाचेक वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास उतरलं. वायू मिळायला लागल्यावरसुद्धा जमीन अशी हिसका देते.

आकडेमोड :
ती कमाल मर्यादा बोलीशिवाय मिळालेल्या जुन्या क्षेत्रांतल्या वायूला आहे. 2023 पासून त्याचा भाव कच्च्या तेलाच्या भावाच्या 10 टक्के धरतात, वर मर्यादा (सुरुवातीला दर एमएमबीटीयूला, म्हणजे वायू मोजायच्या उष्णतेच्या एककाला, 6.50 डॉलर). अंदमानचे ब्लॉक (शोधासाठी दिलेली क्षेत्रं) 2016 च्या नव्या तेलशोध धोरणातले, तिथे भाव ठरवायची मोकळीक आहे.

पण माझं ऐकाल तर हिशेबात अंदमानचे शून्य रुपये धरा. कंपनीची खरी कमाई आसामातून येते, वर्षाला 34-35 लाख टन तेल. त्याचा भाव जगाच्या बाजारावर ठरतो, आणि तो फार चढला तर सगळा कंपनीला मिळेलच असं नाही. जुलै 2022 ते डिसेंबर 2024 विंडफॉल कर (भाव अचानक चढल्याने झालेल्या जादा कमाईवरचा कर) होता, आठवत असेल. मी हा शेअर आसामातल्या नुमालीगढ रिफायनरीसाठी (तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी) ठेवलाय. तिच्यात ऑइल इंडियाचा सुमारे 70 टक्के हिस्सा आहे आणि क्षमता 30 वरून 90 लाख टनांवर नेण्याचं काम चाललंय.

शोध जोरात सुरू असताना कोरड्या विहिरींचा खर्च थेट नफ्यातून वजा होतो. आसामात सगळं सुरळीत असूनही एखादी तिमाही पडलेली दिसेल, तेव्हा घाबरून विकू नका. दुसरीकडे कंपनीची आसामातली बागजानची विहीरही लक्षात ठेवा. मे 2020 मध्ये फुटलेली ती विहीर नोव्हेंबरात शांत झाली.

धागाकर्ती :
काका, दादा, मनापासून आभार. "अधूनमधून" वर मी बातमीच्या प्रिंटमध्ये लाल पेनाने खूण केली आणि आज मधल्या सुट्टीत सगळ्यांना दाखवली. अंदमानच्या जोरावर घ्यायचं नाही, यावर पाचही जणींचं एकमत झालं. नुमालीगढचा हिशेब मांडायला घेतलाय. दादा, विस्ताराचं काम किती झालं आणि त्यासाठी कर्ज किती काढलं, हे ऑइल इंडियाच्या वार्षिक अहवालात मिळेल की रिफायनरीचा अहवाल वेगळा काढावा लागेल? शनिवारी पुन्हा बसणार आहोत.