७०-२०० मिमी लेन्स: हलकी एफ/४ घ्यावी की वेगवान एफ/२.८?

रानवाट

कॅमेरा बॉडी सोनीची फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) आहे, ३३ मेगापिक्सेल, बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा). टेलिफोटो झूम घ्यायची आहे आणि निवड तीन लेन्सपाशी अडली आहे. सोनी ७०-२०० एफ/४ जी ओएसएस २ (७९४ ग्रॅम), सोनी ७०-२०० एफ/२.८ जीएम ओएसएस २ (१०४५ ग्रॅम) आणि टॅमरॉन ७०-१८० एफ/२.८ जी२ (८५५ ग्रॅम).

वापर दोन तऱ्हेचा. दिवसभर पायी फिरून निसर्गचित्रं, डोंगरांचे एकामागे एक थर, शिवाय फुलं आणि कीटक. दुसरीकडे बंद सभागृहातले कार्यक्रम: नाटक, नृत्य, अधूनमधून बॅडमिंटन. एका स्टॉपने (म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा झाल्याने) प्रत्यक्षात किती फरक पडतो? मागचं धूसर हवं असेल तर २.८ लागतंच का? आणि अडीचशे ग्रॅम दिवसभरात खरंच जाणवतात का? किंमत सोडून बाकी सगळं सांगा.

अर्धा_स्टॉप

आधी प्रकाशाचं पाहू. एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं, तीच 'वेगवान' लेन्स. एफ/४ वरून एफ/२.८ वर गेलात की सेन्सरवर दुप्पट प्रकाश येतो. त्याचा उपयोग दोनच ठिकाणी: तोच शटर स्पीड ठेवून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) निम्मा करा, किंवा तोच आयएसओ ठेवून शटर दुप्पट वेगाने चालवा.

तुमच्या विषयांवर हे लावून बघा. साधारण उजेडाच्या बंद कोर्टवर बॅडमिंटनच्या हालचाली थांबवायला १/१००० सेकंद लागतो. अशा ठिकाणी एफ/२.८ वर आयएसओ ६४०० च्या आसपास जातो, म्हणजे एफ/४ वर १२८००. नाटकात मात्र पात्र बोलताना १/२५० पुरतो. तितक्याच उजेडात तिथे एफ/४ वर ३२०० आणि एफ/२.८ वर १६०० येईल. ३२०० आणि १६०० मधला फरक आजच्या फुल फ्रेमवर प्रिंट काढूनही शोधावा लागतो. १२८०० आणि ६४०० मधला दिसतो, विशेषतः सावलीतल्या त्वचेवर आणि गडद कपड्यांवर.

म्हणून "कमी उजेड" असा सरसकट शब्द वापरू नका. कमी उजेड आणि वेगवान हालचाल एकत्र आली तरच २.८ ची खरी गरज पडते. विषय स्थिर असेल तर स्टॅबिलायझेशन निभावून नेतं: २०० मिमीला हातात धरून १/२०० लागत असेल आणि लेन्स-बॉडी मिळून चार स्टॉपची मदत करत असतील, तर १/१३ ला देखावा स्वच्छ येतो. पण स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं, खेळाडूचा नाही. फोटो हलला की आधी काय हललंय ते पाहा. मागची भिंत आणि खेळाडू दोन्ही पुसट असतील तर हात हलला. भिंत स्वच्छ आणि फक्त रॅकेट पुसट असेल तर शटर कमी पडला.

जाता जाता एक. सभागृहातल्या एलईडी दिव्यांमुळे १/१००० ला फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. त्यावर कोणतीही लेन्स उपाय नाही, बॉडीतलं अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकीवरची सोय) चालू करा आणि शक्य तिथे मेकॅनिकल शटर वापरा.

एक काम करा. आधीची कोणतीही टेली लेन्स असेल तर तिच्या फोटोंचा एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली सेटिंग्जची माहिती) काढा. १५० मिमीच्या पुढे काढलेल्यांपैकी किती फोटोंत आयएसओ १२८०० किंवा त्याहून जास्त आहे ते मोजा, आणि ते कशाचे आहेत तेही लिहा.

धूसर

बोकेबद्दल, म्हणजे मागच्या धूसरपणाबद्दल. एफ-नंबर बाजूला ठेवा आणि छिद्राचा प्रत्यक्ष व्यास काढा: फोकल लेंथ (लेन्सचा मिमीतला आकडा) भागिले एफ-नंबर. २०० मिमी एफ/२.८ ला ७१ मिमी, २०० मिमी एफ/४ ला ५० मिमी, टॅमरॉनच्या १८० मिमी एफ/२.८ ला ६४ मिमी.

हा आकडा फार कामाचा आहे. खूप दूरच्या पार्श्वभूमीतला प्रकाशाचा ठिपका, विषयाच्या अंतरावर मोजला, तर एवढ्याच व्यासाची गोल चकती होऊन पसरतो. माणसाचा चेहरा साधारण १५ सेमी रुंद धरा. २.८ वर मागचा दिवा चेहऱ्याच्या जवळपास निम्म्या रुंदीचा दिसेल, ४ वर एक तृतीयांश. दोन्ही भरपूर धूसर आहेत. मागचं झाड पानापानाने ओळखू येणं दोन्हींत थांबतं. फरक पडतो तो पार्श्वभूमी विषयाच्या अगदी दोन-तीन मीटर मागे असेल तेव्हा, उदाहरणार्थ रंगमंचावरचा मागचा पडदा. तिथे एफ/४ वर पडद्याच्या चुण्या वाचता येतात.

८५ मिमी एफ/१.८ चा व्यास ४७ मिमी येतो, २०० एफ/४ च्या जवळपास तेवढाच. म्हणजे पोर्ट्रेटसाठी तीच धूसरता ३७१ ग्रॅमच्या सोनी ८५ मध्ये मिळते आणि वर सव्वादोन स्टॉप जास्त प्रकाश. मात्र २०० ने १० मीटरवरून मिळणारी चौकट ८५ ने हवी असेल तर सव्वाचार मीटरवर जावं लागतं. पहिल्या रांगेत बसायला मिळत असेल तर हा मार्ग उत्तम. बॅडमिंटनला नाही. कोर्ट १३.४ मीटर लांब असतं. आपल्याकडच्या बेसलाइनच्या मागून पलीकडचा खेळाडू साधारण १३ मीटरवर धरला तर उभ्या फ्रेममध्ये २०० मिमीला २.३ मीटर उंची मावते, रॅकेटसकट अख्खा माणूस. ८५ ला तिथे साडेपाच मीटर येतं, म्हणजे अर्ध्याहून जास्त फ्रेम वाया.

त्याच अंतरावर २०० मिमीची डेप्थ ऑफ फील्ड (जेवढ्या खोलीत फोकस स्वच्छ राहतो ती) एफ/२.८ ला सुमारे ७० सेमी, एफ/४ ला सुमारे १ मीटर. पुढे झेपावणाऱ्या खेळाडूचा चेहरा आणि पुढे आलेला हात दोन्ही धरायचे असतील तर ते ३० सेमी उपयोगी पडतात. पाच मीटरवर हेच आकडे १० आणि १४ सेमी होतात. नाकावर फोकस गेला तर कान सुटतो, म्हणून आय-एएफ (डोळा ओळखून फोकस लावणारी सोय) चालू ठेवा.

तिसरा_पाय

वजनाचा हिशेब फक्त लेन्सचा करू नका. वर दिलेली तिन्ही वजनं ट्रायपॉड कॉलरशिवायची (लेन्स ट्रायपॉडला जोडायच्या कड्याशिवायची) आहेत. त्यात कॉलर, हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं कवच), फिल्टर आणि बॉडी मिळवा.

पायी चालताना वजनापेक्षा लांबी जास्त त्रास देते. जीएम २ सरळ २०० मिमी लांब आहे. झूम आतल्या आत होते, लांबी बदलत नाही. एफ/४ जी २ मिटवलेली १४९ मिमी आणि टॅमरॉन १५६.५ मिमी. या दोन्ही झूम करताना बाहेर येतात. मिटलेली लेन्स बॉडीला लावून छोट्या पिशवीत उभी राहते, २०० मिमीची आडवी ठेवावी लागते. जी वस्तू काढायला अवघड ती काढली जात नाही, आणि निसर्गचित्रात उजेड दोन मिनिटांत बदलतो. उलट बाहेर येणाऱ्या नळीवर धूळ आणि पाण्याचे थेंब बसतात. पाऊस लागला तर मिटवण्याआधी नळी कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर ओल आत ओढली जाते. ट्रायपॉडवर झूम केल्यावर तोलही पुढे सरकतो, म्हणून फ्रेम लावल्यावर बॉलहेड (ट्रायपॉडचं फिरतं डोकं) पुन्हा घट्ट करा.

अडीचशे ग्रॅम जाणवतात का? खांद्यावर फारसे नाहीत, हातात नक्की. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली डोळ्यांच्या पातळीवर धरून दहा मिनिटं उभे राहा, तेवढ्यात जीएमचा अंदाज येतो. नाटकात दीड-दोन तास कॅमेरा वर असतो. हात थकला की थरथर वाढते, आणि तो दोष मग लेन्सच्या माथी मारला जातो. म्हणून जीएम घेतलीत तर मोनोपॉड धरा, आणि तो बॉडीच्या तळाला न लावता लेन्सच्या कॉलरला लावा. कॅमेरा पट्ट्याला टांगायचा असेल तरी पट्टा कॉलरच्या पायाला. बॉडीला टांगलात तर चालताना प्रत्येक झटका माउंटच्या स्क्रूंवर येतो.

निसर्गचित्रं तुम्ही एफ/८ वर काढणार. तिथे तिन्ही लेन्समध्ये निवड करण्याजोगा फरक उरत नाही. वाऱ्यात मात्र मोठा हूड शिडासारखा वागतो. ट्रायपॉडवर १/३० च्या आसपास काढत असाल तर हूड काढून ठेवा आणि हाताने ऊन अडवा.

फिल्टरचे माप वेगळे: टॅमरॉन ६७, एफ/४ जी २ ला ७२, जीएमला ७७ मिमी. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) सर्वांत मोठ्या मापाचा घेऊन स्टेप-अप रिंग (लहान तोंडावर मोठा फिल्टर बसवणारं कडं) वापरता येते, पण मग हूड बसत नाही.

रानवाट

तिघांचेही आभार. एक्झिफ काढला. जुन्या ७०-३०० एफ/४.५-५.६ चे १२४० फोटो निघाले. १५० मिमीच्या पुढचे सुमारे दोन तृतीयांश. आयएसओ १२८०० किंवा वर फक्त ९६, त्यातले ८१ बॅडमिंटनचे. नाटक-नृत्यातला एकही ६४०० च्या वर नाही. आणि जवळून काढलेल्या फुला-कीटकांचे २१० निघाले, एवढे असतील असं वाटलं नव्हतं.

अर्धा_स्टॉप

मग उत्तर बरंच सोपं झालं. जुनी लेन्स त्या टोकाला बहुतेक एफ/५.६ वर होती. तिचा १२८०० म्हणजे एफ/४ वर ६४०० आणि एफ/२.८ वर ३२००. नाटकाचा ६४०० एफ/४ वर ३२०० होतो. म्हणजे रंगमंच एफ/४ ने सुटला, उरले बॅडमिंटनचे ८१. एकूणाच्या ७ टक्क्यांहून कमी. त्यांच्यासाठी रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, एक्स्पोजर कमी ठेवून नंतर उजळवू नका, आणि एआय डीनॉइज (दाणे कमी करणारं सॉफ्टवेअर) फक्त निवडलेल्या फोटोंवर चालवा.

शिवाय ते २१० फोटो. एफ/४ जी २ अख्ख्या झूम पल्ल्यात ०.५ पट मॅग्निफिकेशन देते (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराच्या निम्मी उमटते), २०० मिमीलाही ४२ सेमीवर फोकस होतो. जीएम ०.३ पटांवर थांबते. फुलपाखराला ही तफावत निर्णायक आहे. माझं मत एफ/४. मोठा सामना असेल तेव्हा जीएम दोन दिवस भाड्याने आणा.

धूसर

मला टॅमरॉन इतक्या लवकर बाद करावीशी वाटत नाही. एफ/४ पेक्षा फक्त ६१ ग्रॅम जड आणि अख्खा स्टॉप वेगवान. १८० वरून २०० ची चौकट कापली तर ८१ टक्के पिक्सेल उरतात, ३३ मेगापिक्सेलचे जवळपास २७. ते सहज चालतात. एफ/४ बरोबर ८५ मिमी घेऊन फिरलात तर दोन्ही मिळून ११६५ ग्रॅम होतात, एकट्या जीएमपेक्षा १२० जास्त. हेही लक्षात ठेवा.

तिच्या मर्यादा मात्र स्पष्ट आहेत. सोनी माउंटवर तिला टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून फोकल लेंथ वाढवणारा जोड) बसत नाही. वेगवान सोनी बॉडींवर इतर कंपन्यांच्या लेन्सना सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा आहे, तुमच्या बॉडीचा वेग त्याहून कमी असेल तर प्रश्नच नाही. १८० मिमीला ती ८५ सेमीहून जवळ फोकस करत नाही. ७० मिमीला ३० सेमीवरून मॅग्निफिकेशन चांगलं आहे, पण तेवढ्या जवळ गेलं की कीटक उडतो आणि हूडची सावली फुलावर पडते.

तिसरा_पाय

टेलिकन्व्हर्टर निघालाच आहे तर: १.४ पट लावला की एक स्टॉप जातो, २ पट लावला की दोन. जीएमची १४०-४०० एफ/५.६ होते, एफ/४ ची १४०-४०० एफ/८. एफ/८ वर भर दिवसा चालेल, सभागृहात विसरा. जुन्या बाजारात पहिली एफ/४ जी ओएसएस (८४० ग्रॅम) दिसली तर नावातला '२' नीट वाचून घ्या. तिला कन्व्हर्टर बसत नाही आणि ०.५ पट मॅक्रोही नाही.

कोणतीही घ्या, परत करायची मुदत संपायच्या आत एवढं तपासा. विटांची सपाट भिंत, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. ७०, १३५ आणि शेवटच्या टोकाला, सर्वांत मोठ्या छिद्रावर प्रत्येकी तीन फोटो, प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा लावायचा. चारही कोपरे १०० टक्क्यांवर पाहा. चारही सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा मऊ असेल तर आधी कॅमेरा १८० अंशांत उलटा करून पुन्हा काढा. मऊपणा फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला, म्हणजे भिंतीच्या दुसऱ्या टोकावर आला, तर आतली काच सरकलेली आहे, लेन्स बदलून घ्या. मऊपणा भिंतीच्या त्याच विटांवर राहिला तर कॅमेरा समांतर नव्हता. बाहेर येणारी झूम असेल तर तोंड खाली करून हलकेच झटका द्या आणि नळी आपोआप घसरते का तेही बघा.