शब्दचर्चा: निनवे उलथणार की पालटणार?

प्रश्न

रविवारी संडे स्कूलमध्ये बायबलमधल्या योना संदेष्ट्याची गोष्ट घेतली. त्याला गिळणारा मासा सगळ्यांना पाठ, म्हणून भराभर पुढे गेले. योना निनवे या अश्शूरी शहरात ओरडत फिरतो की चाळीस दिवसांनी शहराचा नाश होणार. लोक गोणपाट नेसून उपास करतात, राजा राखेत बसतो, देव अरिष्ट टाळतो. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे योनाचं खोटंच ठरलं ना?" मी कशीबशी वेळ मारून नेली. मूळ हिब्रूत कोणता शब्द आहे? 'नाश होईल' हे त्याचं बरोबर मराठी आहे का?

उत्तर

ताई, मुलीला शाबासकी द्या. योनाचीही तक्रार हीच होती, चौथा अध्याय सगळा त्याच्या रुसव्याचा आहे.

मूळ वाक्य जेमतेम पाच शब्दांचं: 'ओद अर्बाईम योम व-निनवे नेहपाखेत' (अजून चाळीस दिवस, आणि निनवे उलटणार). शेवटचा शब्द 'हाफाख' या धातूचा, म्हणजे उलटणे. देवाने पापासाठी नाश केलेल्या सदोम शहराची गत सांगितली तिथे (उत्पत्ती १९:२५) हाच धातू. पण शमुवेल संदेष्टा होणाऱ्या राजाला, शौलाला, सांगतो की तू पालटून निराळाच माणूस होशील (१ शमुवेल १०:६), तिथेही हाच. तिसऱ्या जागी तर तो चुलीपाशी येतो: होशेय ७:८ मध्ये एफ्राइम (इस्राएलचं उत्तरेचं राज्य) म्हणजे न उलटलेली भाकरी, एका अंगाने करपलेली, दुसऱ्या अंगाने कच्ची. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, हे कोडं ऐकत वाढलेल्यांना ही ओळ फोडून सांगावी लागत नाही. भाकरी उलटली नाही तर वाया जाते, म्हणजे इथलं उलटणं वाचवणारं आहे.

ही काही माझी शक्कल नाही. तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या सान्हेद्रिन भागात म्हटलंय की निनवे उलटणार एवढंच योनाला सांगितलं होतं; बऱ्यासाठी की वाईटासाठी, हे त्याला उमगलं नाही. अकराव्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी हेच दोन अर्थ देतो.

उत्तर

थोडा विरोध नोंदवतो. श्लेष सुंदर आहे, पण शहराच्या बाबतीत 'हाफाख' आला की हिब्रू कानाला आधी सदोमच आठवणार. निनवेच्या राजाने तरी काय ऐकलं? सुधारणा होणार असं ऐकलं असतं तर तो राखेत कशाला बसला असता! शिवाय पुढे इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेली आणि मेदी फौजांनी निनवे खरंच पाडली. आजच्या मोसुलसमोर तिचे अवशेष आहेत. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर श्लेषात शोधू नये. ते यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, अध्याय १८ मध्ये, सरळच दिलंय. देव म्हणतो: एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन असं मी बोललो आणि ते वाईटापासून फिरलं, तर मीही बेत बदलेन. नाशाच्या वाणीत ही अट न बोलता धरलेली असते.

उत्तर

दोघांचंही पटतं. अडचण 'भाकीत' या शब्दाची आहे असं मला वाटतं. भाकणे म्हणजे मुळात बोलणे; 'करुणा भाकणे' मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. पण आज भाकीत म्हटलं की हवामान खातं किंवा राशिभविष्य, म्हणजे एक तर खरं, नाही तर खोटं. योनासारख्यांना 'भविष्यवादी' म्हणतात, त्यातही तीच खोट. 'संदेष्टा' त्या मानाने बरा, निरोप आणणारा.

यिर्मया २६ जरूर वाचा. मंदिर ओसाड पडेल असं बोलल्याबद्दल यिर्मयावर मरणाचा खटला उभा राहतो. तेव्हा काही वडीलधारे उठून म्हणतात: पूर्वी मीखा संदेष्ट्यानेही सीयोन (म्हणजे यरुशलेम) शेतासारखं नांगरलं जाईल असं म्हटलं होतं, पण हिज्कीया राजा देवाला भ्याला आणि अरिष्ट टळलं. मीखा खोटा होता, असं त्यांच्यातलं कुणी म्हणत नाही. उलट त्याचाच दाखला देऊन यिर्मयाचा जीव वाचवू पाहतात.

अनुवादासाठी माझं मत: 'निनवेची उलथापालथ होईल'. राजाला हवी ती धडकी त्यात आहे, आणि पालटण्याला जागाही राहते.

प्रश्नकर्ती

'उलथापालथ' आवडला. येत्या रविवारी पिशवीत घरातलं उलथणं टाकून नेते. मुलीला आधी भाकरीच विचारणार आहे, मग योना.