मांडवातून मुलगी उठवली, पुढे काय?

बालाघाटची: परवापासून एका कार्यकर्त्याची पोस्ट फिरते आहे. '१०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन आला, तासाभरात पोलीस घेऊन पोचलो, हळद लागलेली अल्पवयीन मुलगी वाचवली, यशस्वी हस्तक्षेप.' सोबत फोटो. चेहरा पुसट केलाय, पण मागच्या भिंतीवर शाळेचं नाव वाचता येतं. आता तिला कोण ओळखणार नाही?

लग्न थांबलं, चांगलंच झालं. पण याला यशस्वी म्हणू नका. बीडकडे हेच काम करते मी. मांडवात पोलीस, ग्रामसेवक, अठराच्या आत लग्न लावणार नाही असं बापाचं हमीपत्र, मुलगी बालकल्याण समितीपुढे, आणि थोड्याच दिवसांत ताबा परत आईबापाकडे. संकटकाळातल्या मदतीचा सिद्धांत मांडणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ कॅप्लनपासून आपल्याला शिकवतात की संकट चार ते सहा आठवड्यांचं असतं आणि माणूस पूर्वीच्या घडीवर आला की आपलं काम झालं. या पोरीची पूर्वीची घडी कोणती? ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, दिवाळी झाली की आईबाप साखर कारखान्यावर, घरी आजी आणि ही. वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीनेच तर लग्न ठरलं. आपण तिला तिथेच नेऊन सोडतो.

विवेक_एमएसडब्ल्यू: तुम्ही हस्तक्षेप आणि पुनर्वसन एकत्र कालवताय. घर पेटल्यावर आधी विझवतात, वायरिंग नंतर बघतात. रात्री मांडवात दोनशे माणसं अंगावर येत असताना ऊसतोडीच्या हंगामात मागे राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाची चर्चा करत बसू? त्या कार्यकर्त्याने जीव धोक्यात घातला आणि तुम्ही घरबसल्या दोष काढताय.

बालाघाटची: घरबसल्या? त्याच मांडवांत मीही दगड खाल्लेत. शब्द जपून वापरा.

ग्रामसेवक_मराठवाडा: दगडांचं आम्हाला विचारा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली गावात प्रतिबंध अधिकारी मी. गुन्हा मी नोंदवायचा आणि सकाळी त्याच दारात घरपट्टी मागायची. फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, माझं नाही. पूर्वी १०९८ संस्थांकडे होती तेव्हा त्यांची माणसं सोबत यायची. आता हेल्पलाइनच्या सरकारी कक्षातून फोन येतो, 'तुम्ही पुढे व्हा, आम्ही निघालोच'.

सुनंदा_नाशिक: मूळ दुखणं हेच आहे. १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून ही हेल्पलाइन उभी राहिली, ती रस्त्यावरच्या पोरांचं ऐकायला. २०२३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, पोलिसांना बोलवायच्या ११२ ला जोडली. घाबरलेलं लेकरू फोन करतं ते खाकी बघायला नव्हे.

विवेक_एमएसडब्ल्यू: संस्थांच्या काळात सगळं आलबेल होतं हे कुणी सांगितलं? मी तिथे होतो. महिनोन्महिने मानधन नाही, स्वतःच्या पेट्रोलवर फिरायचं. सरकारने जबाबदारी घेतली यात वाईट काय?

सुनंदा_नाशिक: मानधन रखडायचं, मान्य. पण आम्ही पोरीला दुसऱ्यांदा भेटायला जायचो. आता कोण जातं ते सांगा.

कोयत्याची_लेक: तुमचं १०९८ संपलं असेल तर मी बोलते. माझं लग्न पोलिसांनी थांबवलं होतं. एका मॅडमनी मला आईच्या समोर विचारलं, 'तुला करायचंय का लग्न?' आई पदरात तोंड घालून रडत होती. मी मान हलवली, कशाला ते मलाच कळलं नाही. त्यांनी लिहून घेतलं. वडिलांनी अंगठा दिला. पंधरवड्यात मामाच्या गावी देवळात लग्न लागलं, वाजंत्री नाही की पत्रिका नाही. मधल्या काळात एक माणूस फिरकला नाही. पुढच्या हंगामात मी नवऱ्यासोबत कोयत्यावर होते.

बालाघाटची: ताई, बालन्याय कायद्यात त्याच पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी पूर्ण व्हायला हवी असते. कुणीतरी घरी यायलाच हवं होतं.

विवेक_एमएसडब्ल्यू: आईसमोर विचारणं गैरच, एकटीला बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. पाठपुराव्याचं बालाघाटची म्हणतात ते एवढ्यापुरतं मानतो. तरी २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी राज्यात सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं, बीडमध्ये ४० टक्क्यांच्या वर. सगळ्यांना वसतिगृह मिळेपर्यंत लग्नं लागू द्यायची?

बालाघाटची: असं मी कुठेही म्हटलेलं नाही. थांबवाच, पण हमीपत्रावर थांबू नका. हमीपत्र मोडून लग्न लावलं तर ते टिकतं. रद्द करून घ्यायला मुलीनेच कोर्टात जायचं. २००६ च्या कायद्यातल्या कलम १३ चा कोर्टाचा मनाई हुकूम असताना लावलं तर कलम १४ प्रमाणे ते मुळातच रद्दबातल. आणि ताबा परत देताना समितीने विचारावं, हंगामात ही कुठे राहणार? वसतिगृहाचं पत्र हातात असल्याशिवाय सोडू नये.

ग्रामसेवक_मराठवाडा: म्हणजे कोर्टाचा हेलपाटाही माझ्याच गळ्यात.

बालाघाटची: नाही दादा. संस्थाही अर्ज करू शकते, स्वतःला माहिती असलेला कुणीही करू शकतो. तातडी असेल तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी समोरच्याला नोटीस न देता अंतरिम हुकूम देतात. तुमच्या तालुक्यातला अर्ज मी करते, तुम्ही फक्त मुलीच्या शाळेतला जन्मतारखेचा उतारा काढून ठेवा.