साताऱ्यात २० खुर्च्यांचं को-वर्किंग: चालेल, का पैसे बुडतील?

नाक्यावरचा:
राम राम मंडळी. बारा वर्षं पुण्यात आयटीत काढली, दीड वर्षापूर्वी साताऱ्याला घरी आलो. काम ऑनलाइनच चालतं. राधिका रोडला पहिल्या मजल्यावर ९०० चौरस फुटांचा गाळा बघून ठेवलाय. तिथं को-वर्किंग, म्हणजे लॅपटॉपवाल्यांना टेबल-खुर्ची भाड्याने द्यायची जागा, काढायचं मनात आहे.

२०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, गोडोली असा भाग पालिकेत आला, मेडिकल कॉलेज झालं, फ्लॅटच्या स्कीम तर गल्लोगल्ली. त्यात हे पेन्शनरांचं गाव, पोरं सगळी पुण्या-मुंबईत. वडिलांचं मोतीबिंदू, आईचा गुडघा, घरचं लग्न, काहीही निघालं की पोरगं लॅपटॉप घेऊन आठ-पंधरा दिवस इथं. परवा एका हॉटेलात एकजण पोह्यांची डिश बाजूला सारून क्लायंटशी बोलत होता. वेटर तीनदा येऊन विचारून गेला, "अजून काय देऊ साहेब?" तिथंच ही कल्पना डोक्यात शिरली.

महिन्याचा हिशोब: भाडं २४,०००, वीज १०,०००, माणूस १३,०००, नेटच्या दोन लाइनी ३,०००, चहा-झाडलोट ४,०००, किरकोळ ३,०००. एकूण ५७,०००. खुर्चीला महिना ३,५००, सुट्ट्या दिवसाला २५०. एसी, फर्निचर, इन्व्हर्टर, वायरिंग मिळून ७ लाख घालावे लागतील, डिपॉझिट वेगळं. बोला.

कराडचा पोळलेला:
नका करू.

हौशीने सांगत नाही, कराडला १४ खुर्च्यांची अशीच जागा दोन वर्षं चालवलीय. आधी तुमचाच हिशोब घ्या. ५७ हजार भागिले साडेतीन हजार, म्हणजे २० पैकी १७ खुर्च्या बाराही महिने भरल्या तर तुम्ही शून्यावर. कमाई त्याच्या पुढं.

मी २०२१ च्या डिसेंबरात सुरू केलं तेव्हा निम्मी पोरं घरूनच काम करत होती, खुर्ची मिळेना. मग कंपन्यांनी एकेक करून परत बोलावलं. टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस ऑफिस केलं, बाकीच्यांचंही तेच वारं. माझी महिन्यावाली नऊ माणसं होती, दिवाळीपर्यंत तीन उरली. डिसेंबरात शटर ओढलं.

रोजवही अजून जपून ठेवलीय. गणपतीत १४ पैकी १४ भरलेल्या. आणि जूनमधल्या एका मंगळवारी मी आणि चहावाला, दोघंच. तुम्ही म्हणता ती पोरं खरी आहेत हो, पण ती सणाला येतात. गिऱ्हाईक दिवसाचं आणि भाडं महिन्याचं, इथं मी मेलो.

गोडोलीची सून:
दादा, तुमचं नुकसान झालं ते वाईटच. पण तुम्ही दोघंही पाहुण्या पोरांचंच धरून चाललाय. इथं कायमचं राहून काम करणारे कुणी नाहीत का? मी आहे. चार वर्षं घरून डिझाइनचं काम करतेय. "तू घरीच आहेस ना" या एका वाक्यावर माझा निम्मा दिवस जातो. गॅस आला, कुरिअर आलं, मावशी आल्या, दार मीच उघडायचं. मीटिंगमध्ये मी बोलत असताना कुकरच्या शिट्ट्या अमेरिकेतल्या माणसाने मोजल्यात.

महिना ३,५०० मी डोळे झाकून देईन. माझ्या ओळखीतल्या अजून तिघी देतील. अटी दोनच. बायकांचा वेगळा स्वच्छ संडास, आणि रात्री साडेनऊला उतरताना जिन्यात दिवा. बीन बॅग नि भिंतीवरचं चित्र नसलं तरी चालेल.

रोखठोक:
चार बायका आणि तुम्ही स्वतः, झाले पाच. १२ राहिले. 😀

भाऊ, त्याच गाळ्यात अभ्यासिका काढा. माझा भाचा एमपीएससी करतो, ९०० रुपये महिना देतो. २० खुर्च्यांच्या जागेत पार्टिशन घालून ४५ पोरं बसतात, दोन पाळ्या धरल्या तर ९०. चहा नको, प्रिंटर नको, कॉलची खोली नको. सकाळी सहाला पोरं दारात उभी असतात. भरतीची जाहिरात निघो न निघो, पोरं आहेतच. आयटीवाल्यांना इंग्रजी नाव लागतं म्हणून धंदा बदलत नाही, शेवटी दोघंही खुर्चीच भाड्याने देतात.

नाक्यावरचा:
अभ्यासिकेचा विचार केला होता. पण पोवई नाक्यापासून चालत गेलं तरी किती बोर्ड दिसतात ते मोजा. तिथं भावाचीच मारामारी आहे. अर्धी खोली अभ्यासिका आणि अर्धी को-वर्किंग केली तर?

गोडोलीची सून:
अजिबात नको. अभ्यासिकेत मी दोन महिने काढलेत. पेनाचं टोपण पडलं तरी ४० डोकी वर होतात. फोन आला की लॅपटॉप काखेत मारून गॅलरीत, तिथं खालच्या वडापावच्या तळणाचा धूर. एकाला बोलायचंय, दुसऱ्याला शांतता हवीय. मधे प्लायवूड घालून हे जमत नसतं.

कराडचा पोळलेला:
हे मात्र ताई शंभर टक्के बरोबर. हा प्रयोगही मी करून बसलोय. महिन्यात दोन्हीकडची माणसं गेली.

रिटर्नवाला:
मी इथंच सीए आहे, रोखठोकांइतका निराश नाही. पण कागद बघा.

वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. १७ खुर्च्या धरल्या तरी तुमचे सात लाख चौदा हजारच होतात. गंमत अशी की कंपनीचं गिऱ्हाईक जीएसटीचं बिल मागणार. आपणहून नोंदणी केली की वर १८ टक्के लावा. शिवाय १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक जीएसटीत नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर गाळ्याच्या भाड्यावरचा करही भाडेकरूनेच भरायचा. २४,००० वर ४,३२०. वजावट मिळते, पण आधी रोख भरावे लागतात.

"व्हर्च्युअल ऑफिस" म्हणून नुसता पत्ता विकायचा मोह होईल. खुर्ची न अडवता पैसे येतात, खरं. पण उद्या त्या पत्त्यावरची फर्म बोगस निघाली तर तपासणीवाला तुमच्या दारात उभा राहील, फर्मवाला नाही. करार "कच्चा ठेवू" असं मालक म्हणाला तर उठून या. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचं असलं तरी लेखी आणि नोंदवलेलंच लागतं, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५.

रोखठोक:
एवढं झंझट असेल तर स्वतःच्या बंगल्यातच वरच्या मजल्यावर टेबलं टाका की. भाडं शून्य.

रिटर्नवाला:
आणि घरगुती मीटर? वीज कायद्याचं कलम १२६ वाचा. घरगुती जोडणीवर धंदा सापडला तर दुप्पट दराने आकारणी होते, तीही मागच्या काळाची.

रोखठोक:
तुम्ही सीए लोक म्हणजे लग्नात पंचांग घेऊन बसलेले काका.

कराडचा पोळलेला:
नाक्यावरचे, करायचंच असेल तर ७ लाख घालू नका एवढं ऐका. माझे एसी मी निम्म्या भावात विकले, फर्निचर पाव भावात. आधी कुणाची तरी रिकामी जागा घ्या, सहा टेबलं टाका, भाड्याऐवजी भागीने चालवा. सहा महिन्यांत महिन्यावाली सहा माणसं टिकली नाहीत, तर वीस कुठून टिकतील?

रिटर्नवाला:
माझ्या ऑफिसची मागची खोली आहे. स्वतःची जागा, मीटर कमर्शियल. सहा टेबलं आरामात बसतात. आर्टिकलशिपची, म्हणजे सीएची उमेदवारी करणारी, पोरं आता तीनच उरलीत. जे येईल त्यात ३० टक्के मला, वीज निम्मी-निम्मी. मात्र ऑडिटच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, पुढच्या खोलीत आरडाओरडा असतो हे आधीच सांगतो.

नाक्यावरचा:
खरंच म्हणताय? शनिवारी बघायला येतो. राधिका रोडच्या मालकाला "विचार करतो" म्हणून कळवतो, तसाही तो टोकन टोकन करत मागे लागलाय. गोडोलीच्या ताई, तुमच्या तिघी मैत्रिणींना आत्ताच विचारून ठेवता का?

गोडोलीची सून:
विचारते. पण आधी सीएसाहेबांना माझे दोन प्रश्न. संडास? आणि जिन्यात दिवा आहे का?

रिटर्नवाला:
संडास एकच आहे, दुसरा काढून घेऊ, पाइप आहे. दिवा आहे. फक्त त्याचं बटण खालच्या मेडिकलवाल्याच्या दुकानात आहे, आणि तो नऊला बंद करतो.