लिंबूटिंबूलाही आउट द्या

काही जण म्हणतात की आठ वर्षांच्या मुलाला मोठ्या मुलांच्या क्रिकेटमध्ये लिंबूटिंबू म्हणूनच घ्यावं. मला हे पटत नाही. आउट होऊनही आउट न देणं मुलांना लगेच कळतं आणि फार झोंबतं. चेंडू हवा तर टेनिसचा घ्या, पण आउट तो आउट.

डिसेंबर १९८८ मध्ये वानखेडेवर सचिन पहिला रणजी सामना खेळला तेव्हा १५ वर्षांचा होता; गुजरातविरुद्ध नाबाद १००! पुढच्याच वर्षी पाकिस्तानात सियालकोटच्या कसोटीत भारत ४ बाद ३८ असताना वकार युनूस या वेगवान गोलंदाजाचा चेंडू नाकावर बसला, रक्त आलं, तरी गडी हलला नाही. ५७ धावा केल्या. त्याला कुणी हळू चेंडू टाकला नव्हता.

आमची धाकटी दादाच्या मित्रांत खो-खो खेळते. परवा तिला पहिल्यांदा पूर्ण गडी म्हणून मोजलं. रात्री झोपेपर्यंत तेच सांगत होती.