सततच्या थकव्यासाठी अश्वगंधा : थायरॉइडची गोळी चालू असताना घ्यावी का?

गोदाकाठ (नाशिक)

माझे वय ४३ असून मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. गेल्या दिवाळीपासून दुपारनंतर अंगात त्राण उरत नाही आणि रात्री पुरेशी झोप होऊनही सकाळी अंग जड असते. थायरॉइडसाठी थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेते. अलीकडे पाळीत रक्तस्रावही अधिक होतो, पण तो वयामुळे असावा असे मी धरून चालले आहे. माझ्या नणंदबाईंना अश्वगंधेचा चांगला गुण आला, म्हणून त्यांनी मला कॅप्सूलची बाटली आणून दिली आहे. लेबलवर ‘अ‍ॅडॅप्टोजेन’ (म्हणजे शरीराला ताण सोसायला मदत करते असे मानले जाणारे द्रव्य) असे ठळक छापले असून मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘मूळ व पान यांचा अर्क’ असे लिहिले आहे. ही कॅप्सूल सुरू करावी का, की साधे चूर्ण घ्यावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वनौषधी (सातारा)

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे. ताई, ही बाटली तूर्त बाजूला ठेवावी, कारण बलवर्धनासाठी परंपरेने वापरतात ते अश्वगंधेचे मूळ, पान नव्हे. आणि पानांचा वापर टाळावा, अशी सूचना आयुष मंत्रालयानेही २०२१ मध्ये उत्पादकांना दिली होती. चरकसंहितेत बल्य (बळ देणाऱ्या) आणि बृंहणीय (शरीर पुष्ट करणाऱ्या) अशा दोन्ही औषधी गणांत अश्वगंधा आहे, त्यामुळे थकव्यावर तिचा विचार होणे स्वाभाविकच आहे. मात्र ती उष्ण वीर्याची, म्हणजे शरीरात उष्णता वाढवणारी आहे, आणि ज्या स्त्रीला पाळीत जास्त रक्तस्राव होतो तिला उष्ण औषध देण्यापूर्वी त्या रक्तस्रावाचे कारण मी आधी शोधतो. ‘वयामुळे असेल’ एवढ्यावर ते सोडून देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रक्तपेशी (पुणे)

वैद्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी पॅथॉलॉजीत काम करते आणि आपला प्रश्न वाचताना मला अश्वगंधेपेक्षा लोहाची कमतरता आधी आठवली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्ताल्पता आढळली होती. म्हणजे आपल्या स्टाफरूममध्येही आपण यात एकट्या नसाल. हिमोग्लोबिन १२ च्या वर आले की अहवाल ‘नॉर्मल’ म्हणून फाइलमध्ये जातो, पण शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन त्याआधीच घसरलेले असू शकते, आणि नुसत्या तेवढ्यानेही थकवा येतो. म्हणून सीबीसीबरोबर (रक्तपेशींची मोजणी) फेरिटिन, बी-१२, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी) या तपासण्या डॉक्टरांना विचारून कराव्यात. आपण शाकाहारी असाल तर बी-१२ अजिबात वगळू नये.

आता थायरॉइडविषयी. सौम्य स्वरूपाच्या हायपोथायरॉइडिझमच्या (थायरॉइड कमी काम करण्याच्या विकाराच्या) ५० रुग्णांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ६०० मिलिग्रॅम मूळ-अर्क आठ आठवडे दिल्यावर टी-३ व टी-४ ही थायरॉइडची संप्रेरके वाढली आणि टीएसएच उतरला. गोळी न घेणाऱ्याला ही बातमी सुखाची वाटेल, पण आपण थायरॉक्सिन घेत असल्यामुळे गोळी आणि अर्क या दोहोंचा परिणाम एकत्र होऊन छातीत धडधड, हातांना कंप, झोप उडणे असे त्रास होऊ शकतात. शिवाय डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा योग्य आहे की नाही, हेही मग कळेनासे होते.

अश्वगंधेला काहीच आधार नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीर्घकाळ तणावाखाली असलेल्या ६४ व्यक्तींपैकी ज्यांना ३०० मिलिग्रॅम मूळ-अर्क दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला, त्यांचा ताण आणि रक्तातील कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक कमी झाले होते. हा उपयोग तणावाचा आहे. अशा अर्काने लोहाची तूट भरून निघत नाही.

उत्तरवारा (कोपनहेगन)

डेन्मार्कमध्ये २०२३ पासून अश्वगंधेच्या विक्रीवर बंदी आहे. थायरॉइड व लैंगिक संप्रेरकांवरील परिणाम आणि गर्भपाताची शक्यता ही त्यामागची प्रमुख कारणे सांगितली गेली. भारतातून येताना सामानात अश्वगंधा आणण्याचा आग्रह आप्तेष्ट करतात, तेव्हा मी हे आवर्जून सांगते. सरसकट बंदी मला व्यक्तिशः टोकाची वाटते, परंतु गरोदर स्त्रियांनी अश्वगंधा घेऊ नये याविषयी दुमत नसावे.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांची मनापासून आभारी आहे. माझे फेरिटिन कधीच तपासलेले नाही. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून तपासण्या करून घेते. सर्व अहवाल ठीक आले आणि तरीही थकवा राहिला, तर अश्वगंधा कशी घ्यावी?

वनौषधी (सातारा)

तसे झाल्यास आपल्या थायरॉइडच्या डॉक्टरांना आधी सांगून, ओळखीच्या वैद्यांकडून फक्त मुळांचे चूर्ण घ्यावे. औषधकोशात त्याची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आहे; आपण ३ ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि ते रात्री कोमट दुधातून घ्यावे. सकाळी नको, कारण दुधातले कॅल्शियम थायरॉक्सिनच्या शोषणात अडथळा आणते. लोहाची गोळी सुरू झाली तर तिच्यात आणि थायरॉक्सिनमध्येही चार तासांचे अंतर असावे. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा. क्वचित काही जणांच्या यकृताला अश्वगंधेने इजा झाल्याची नोंद आहे, त्यामुळे लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा अंगाला खाज सुटणे यांपैकी काहीही जाणवले तर चूर्ण त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करून घ्यावी.