लागोसला (नायजेरिया) नोकरीची ऑफर आहे, सेफ्टीचं काय काय विचारून घेऊ?

सातपूरकर
नमस्कार मंडळी. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगच्या मेंटेनन्सला आहे, वय 33. लागोसच्या एका प्लास्टिक कंपनीची ऑफर आलीये, मालक भारतीयच आहेत, प्लांट इकोरोडूला आणि राहायला कंपनीचं कंपाउंड. पगार इथल्या जवळजवळ तिप्पट, त्यातला मोठा भाग इकडच्या खात्यात आणि थोडा तिकडे नायरामध्ये (तिथलं चलन). सुरुवातीला एकट्यानेच जायचंय, नंतर बायको आणि मुलगी (4 वर्षांची) येतील. आई रोज रात्री मोबाईलवर किडनॅपिंगचे व्हिडिओ बघते आणि सकाळी चहा देताना मला सांगते, बायको वरून काही बोलत नाही पण टेन्शन तिलाही आहेच. ओळखीत विचारलं तर अर्धे म्हणतात बिनधास्त जा काही होत नाही आणि अर्धे म्हणतात वेडा झालास का, या दोन्हीचा मला काही उपयोग नाही. मला हे हवंय की एचआरला नेमकं काय विचारायचं आणि काय लेखी घ्यायचं. ऑफर लेटरमध्ये एक ओळ आहे की गरज पडल्यास नायजेरियातल्या कुठल्याही युनिटला पाठवलं जाईल, ती फार खटकतेय. पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. जे तिथे राहिलेत त्यांनी प्लीज लिहा.

ओगा_कोल्हापूर
मी लागोसला बरीच वर्षं काढली, आगबाराला पॅकेजिंगमध्ये होतो, आता कोल्हापुरात परत. तुम्हाला जी ओळ खटकतेय तीच सगळ्यात महत्त्वाची आहे, बाकी सगळं नंतर. नायजेरिया केवढा देश आहे बघा, लागोसपासून ईशान्येचं मैदुगुरी म्हणजे मुंबई-दिल्लीएवढं अंतर. ईशान्येला बोर्नोकडे बोको हराम ही अतिरेकी संघटना, वायव्येला झाम्फारा, कात्सिना, कादुना इकडे बंदूकवाल्या टोळ्या ज्यांचा धंदाच माणसं उचलून पैसे मागायचा, आणि खाली डेल्टात पोर्ट हारकोर्टच्या बाजूला तेलाच्या पैशामुळे होणारी अपहरणं आणि समुद्रात चाचे. 2019 च्या डिसेंबरमध्ये तिथल्याच किनाऱ्याजवळ एका टँकरवरून 18 भारतीय खलाशी उचलले होते. लागोस या सगळ्यापासून लांब आहे. म्हणून "नायजेरिया सेफ आहे का" असं विचारून काही कळत नाही, कुठल्या शहरात, कुठल्या रस्त्याने आणि किती वाजता, हे विचारायचं.

आता लागोसचं. माझ्या मते तिथे एक्सपॅटला (बाहेरून नोकरीला आलेल्याला) सगळ्यात मोठा धोका रस्त्याचा आहे, गुन्हेगाराचा त्यानंतर. ट्रेलरवर कंटेनर नीट लॉक न करता चालवतात, ओजुएलेग्बाच्या पुलावरून असा कंटेनर खालच्या गाड्यांवर पडून माणसं गेलेली आहेत आणि एकदा नाही. त्यामुळे कंटेनरच्या ट्रेलरला खेटून गाडी उभी करायची नाही हे ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगायचं. ओकाडा म्हणजे बाईक टॅक्सी, 2022 च्या जूनपासून लागोसच्या बऱ्याच भागात बंदी आहे, जिथे चालतात तिथेही बसायचं नाही. स्वतः गाडी चालवायची नाही, अ‍ॅक्सिडेंट झाला की गर्दी दोन मिनिटांत जमते आणि परक्या माणसाचं कोणी ऐकून घेत नाही.

गो-स्लो, म्हणजे तिथलं ट्रॅफिक, त्यात अडकलात की काचा पूर्ण वर, दारं लॉक आणि मोबाईल मांडीवर पण ठेवायचा नाही. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने ओशोडीला अर्धी काच खाली करून शेंगदाण्याची पुडी घेतली, पैसे देईपर्यंत दुसऱ्या पोराने आत हात घालून फोन नेला सुद्धा. फोन गेला तर जाऊ द्यायचा, मागे उतरायचं नाही.

रात्रीचं पोलीस चेकपोस्ट आलं की गाडी हळू करायची, आतला लाइट लावायचा, काच थोडी खाली, हात दिसतील असे ठेवायचे आणि गुड इव्हिनिंग ऑफिसर म्हणायचं. वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही. रेसिडेन्स परमिटची (सरपॅक म्हणतात) कॉपी कायम जवळ. आणि मुळात सात साडेसातनंतर इकोरोडूहून बाहेर पडायची वेळच येऊ देऊ नका. ब्रेकडाउन रात्री दोनला होतो हे मला माहितीये, मी पण मेंटेनन्सवालाच, म्हणूनच विचारा की राहायचं कंपाउंड प्लांटच्या आवारात आहे का बाहेर, बाहेर असेल तर रात्री कॉल आला की कोण नेणार, कुठल्या गाडीने, सोबत मोपोल (तिथले बंदूकधारी पोलीस) असतो का. या एका प्रश्नाला एचआर काय उत्तर देतं त्यावरून कंपनी कळते.

विदर्भाचा_पाटील
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. 4 वर्षांची पोरगी आहे, पैशासाठी कशाला जीव धोक्यात घालता. 2025 मध्ये नायजरमध्ये आपली माणसं उचलली, मालीत सिमेंट फॅक्टरीतून तिघांना नेलं. ते पण कंपनीच्या भरवशावरच गेले होते ना? घरच्यांना त्यावेळी काय वाटलं असेल. नाशिकमध्ये काय नोकऱ्या संपल्यात का.

ओगा_कोल्हापूर
पाटील साहेब, काळजीपोटी लिहिलंय ते कळतंय, पण नायजर आणि नायजेरिया वेगवेगळे देश आहेत आणि माली तर अजून पश्चिमेला. तिथल्या घटना खऱ्या आहेत, पण त्या कशा झाल्या बघा, राजधानीपासून लांब, साइटवर, जिथे सरकारचा ताबाच कमी. म्हणूनच मी त्या "कुठल्याही युनिटला" वर एवढा जोर देतोय. आणि लागोसमध्ये हजारो भारतीय कुटुंबं राहतात, इलुपेजूला भारतीय शाळा आहे.

अनघा_इलुपेजू
त्या शाळेत माझी दोन्ही मुलं शिकली म्हणून लिहितेय. सातपूरकर, तुमच्या मिसेसना हे वाचायला द्या. बाई माणसाच्या दृष्टीने लागोस मला कधी वाईट वाटलं नाही, लोक आदराने बोलतात, मार्केटमधल्या बायका मुलांचे लाड करतात. पण काही सवयी बदलाव्या लागतात. सोनं घालून बाहेर पडायचं नाही. मी मंगळसूत्र भारतातच आईकडे ठेवलं होतं आणि तिकडे साधी काळ्या मण्यांची पोत, त्यात सोन्याचा मणी सुद्धा नाही. सासूबाईंना सुरुवातीला नाही पटलं, नंतर पटलं.

घरात काम करणारे स्टुअर्ड, ड्रायव्हर, गेटवरचा माणूस, यातले बहुतेक फार चांगले असतात आणि मला तर आमच्या स्टुअर्डचा खूप आधार होता. पण चोऱ्या होतात त्या बहुतेक आतल्या माहितीवरून होतात, त्यामुळे सुट्टीवर कधी चाललोय, पगार कधी झाला, कपाटात किती नायरा आहेत हे फोनवर मोठ्याने बोलायचं नाही, मराठीत बोललं तरी आकडे आपण इंग्रजीतच म्हणतो हे लक्षात ठेवा. ड्रायव्हर मुलीला एकटीला शाळेतून आणेल अशी व्यवस्था मी कधीच केली नाही, दोन-तीन घरच्या आया मिळून आळीपाळीने जायचो.

जनरेटर कुठे ठेवलाय ते स्वतः बघा! लाइट जाते आणि तासन्तास येत नाही, कंपनीचा मोठा जनरेटर असेल तर ठीक, पण बॅचलर क्वार्टरमध्ये छोटा पेट्रोलचा जनरेटर खिडकीखाली किंवा पॅसेजमध्ये लावतात आणि रात्री झोपेत धुराने माणसं जातात. या गॅसला वास नसतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म इथून घेऊन जा, महाग नसतो.

आणि मलेरिया. तिथला मलेरिया फाल्सिपेरम, आपल्याकडच्यासारखं दोन दिवस क्रोसिन घेऊन बघू हे तिथे चालत नाही, ताप आला की त्याच दिवशी टेस्ट. जायच्या आधी डॉक्टरला प्रतिबंधक गोळ्यांचं विचारा, मुलीचा डोस वेगळा असतो. सुट्टीवर नाशिकला आल्यावर ताप आला तरी डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी नायजेरियातून आलोय, नाहीतर ते व्हायरल म्हणून सोडून देतात आणि त्यात वेळ जातो.

2020 च्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांच्या विरोधात मोठं आंदोलन झालं तेव्हा लागोसमध्ये 24 तासांचा कर्फ्यू लागला होता, दुकानं जळत होती, आम्ही कंपाउंडच्या आत. घरात पीठ, डाळ, तांदूळ, पाणी, गॅस, मुलांची औषधं होती म्हणून निभावलं. तेव्हापासून दोन-तीन आठवडे पुरेल एवढं सामान मी कायम ठेवायचे. पासपोर्ट, थोडे डॉलर आणि सगळ्यांचे येलो फीवरच्या लसीचे कार्ड एका पाउचमध्ये, आणि तो पाउच कुठे आहे हे नवरा-बायको दोघांना माहीत पाहिजे.

पुणे_एचआर
मी रिक्रूटमेंटमध्ये आहे, आफ्रिकेसाठी पण भरती केलीये. कागदाचं बोलतो. गल्फला जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टवाल्या (ज्याला काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते) कामगाराचं कॉन्ट्रॅक्ट निदान प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी कार्यालयाकडे बघितलं तरी जातं. तुम्ही दहावीच्या पुढे शिकलेले म्हणजे तुमचा पासपोर्ट ईसीआर नसणार, आणि अशी मंजुरी लागणाऱ्या 18 देशांच्या यादीत नायजेरियाही नाही. म्हणजे तुमचं कॉन्ट्रॅक्ट सरकारी पातळीवर कोणी तपासणार नाहीये, तुम्हालाच तपासायचंय.

एजंटमार्फत असेल तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं रजिस्ट्रेशन बघा, फी 30 हजार अधिक जीएसटीच्या वर मागत असेल तर तिथेच थांबा. कंपनी खरी आहे का हे नायजेरियाच्या कॉर्पोरेट अफेअर्स कमिशनच्या साइटवर नाव टाकून शोधता येतं. व्हिसा एसटीआर (सब्जेक्ट टू रेग्युलरायझेशन, नोकरीसाठीचा) असला पाहिजे, त्यावरच पुढे रेसिडेन्स परमिट होतं. "आत्ता बिझनेस व्हिसावर या, आल्यावर बघू" म्हणाले तर अजिबात जायचं नाही, कारण मग तिथे तुम्ही बेकायदेशीर आणि काही झालं तर पोलिसांकडे जायची सुद्धा चोरी. पासपोर्ट परमिटसाठी कंपनी घेते, ते ठीक आहे, पण किती आठवड्यांत परत देणार हे मेलवर घ्या आणि प्रत्येक पानाचा स्कॅन बायकोकडे ठेवा.

इन्शुरन्समध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. तिथल्या हॉस्पिटलचं कव्हर, भारतात किंवा दुसऱ्या देशात हलवायचं झालं तर मेडिकल इव्हॅक्युएशन, आणि अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व. "सगळं कव्हर्ड आहे" हे उत्तर धरू नका, पॉलिसीचं पान मागा. किडनॅपिंगची पॉलिसी आहे का हे मात्र विचारू नका, मोठ्या कंपन्या घेतात पण ती गुप्त ठेवायची अट असते त्यामुळे खरं उत्तर मिळणारच नाही. त्याऐवजी विचारा की काही घडलं तर माझ्या घरी फोन कोण करणार, त्याचं नाव आणि नंबर. तुमची इथली टर्म पॉलिसी असेल तर विमा कंपनीला नायजेरियाला राहायला चाललोय हे लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

पोहोचल्यावर भारताच्या हायकमिशनकडे नाव नोंदवा, हायकमिशन राजधानी अबुजाला आहे पण लागोसला त्यांचं ऑफिस आहे. परराष्ट्र खात्याचं मदद पोर्टल बायकोला आत्ताच दाखवून ठेवा, तक्रार इकडून घरच्यांनाही टाकता येते.

सातपूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार, पाटील साहेब तुमचेही. काल एचआरशी तासभर बोललो. कंपाउंड प्लांटच्या भिंतीला लागूनच आहे, रात्री रस्त्यावर जावं लागत नाही. एअरपोर्टवर कंपनीचा माणूस नावाची पाटी घेऊन येतो. जनरेटर प्लांटचाच मोठा आहे. व्हिसा एसटीआर. इन्शुरन्सचं पान पाठवलं, इव्हॅक्युएशन आहे पण फक्त एम्प्लॉयीला, फॅमिलीला नाही, ते वाढवून मागितलंय. आता अडकलंय ते युनिटवर. त्यांचं कादुनाला गोडाऊन आणि एक छोटं रिसायकलिंग मशीन आहे, ते म्हणतात वर्षातून एक-दोनदा मशीन बघायला जावं लागेल, लोकल स्टाफ नेहमी अबुजाहून रस्त्याने जातो, काही होत नाही. काय करू?

ओगा_कोल्हापूर
अबुजा-कादुना रस्त्याने नाही म्हणजे नाही. तो रस्ता अपहरणासाठी इतका बदनाम झाला की लोक ट्रेनने जायला लागले, तर 28 मार्च 2022 ला ट्रेनच बॉम्बने अडवून प्रवासी उचलून नेले, काहींना सुटायला महिने लागले. ट्रेन नंतर परत सुरू झाली तरी मी बसणार नाही. "लोकल स्टाफ जातो" याला अर्थ नाही, तुमचा चेहरा बघूनच पैसे दिसतात त्यांना.

त्यांना असं लिहून द्यायला सांगा: नेमणूक लागोस राज्यापुरती, बाहेरचा प्रवास फक्त माझ्या लेखी संमतीने, विमानानेच, आणि नकार दिला तर पगारावर किंवा नोकरीवर परिणाम नाही. कादुनाला विमान उतरतं, पण एअरपोर्टपासून गोडाऊनपर्यंतचा रस्ता उरतोच, त्यामुळे पहिला पर्याय हा द्या की मशीन लागोसला आणा किंवा तिथल्या टेक्निशियनला तुमच्याकडे ट्रेनिंगला पाठवा. मेंटेनन्सवाल्याला व्हिडिओ कॉलवर अर्धं काम करता येतं हे त्यांनाही माहितीये. चांगली कंपनी असेल तर ही ओळ बदलून देते, माझ्या कंपनीने दिली होती. नाहीच म्हणाले तर बाकी सगळं कितीही चांगलं असू दे, मी तरी सही करणार नाही.

सातपूरकर
अगदी याच शब्दांत आत्ता मेल टाकतो. ओळ बदलली नाही तर नाही जाणार, बायकोशी पण तेच ठरलंय. येलो फीवरची लस कधी घ्यायची?

अनघा_इलुपेजू
ओळ बदलून आली की लगेच घ्या, तिकीट यायची वाट बघू नका. ठराविक सरकारमान्य सेंटरलाच मिळते आणि अपॉइंटमेंटला वेळ लागतो. लस घेतल्यावर सर्टिफिकेट 10 दिवसांनी लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. मिसेस आणि मुलीचीही जायच्या आधी आठवणीने घ्या, कारण कार्ड नसेल तर परत येताना मुंबई एअरपोर्टवर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात. मुलीला कुठली अ‍ॅलर्जी असेल, विशेषतः अंड्याची, तर डॉक्टरला आधी सांगा.